पेंटरचा बारावा नियम

आमच्या वस्तीपासून पाणी चारशे पावलांवर आहे, आणि साठ वर्षं ते आम्हाला कोणी दाखवलं नाही. मध्ये गोदामं होती, गोदामांना भिंत होती, भिंतीवर काचा होत्या. पाण्याचा वास यायचा, बोटींचे भोंगे ऐकू यायचे, पण पाणी बघायचं तर गच्चीवर चढून टाकीला मिठी मारून उभं राहावं लागायचं. मग एक दिवस गोदामं पाडली आणि तिथं बाग केली. लांबच लांब काठ, फरसबंद वाट, हिरवळ, बाकं, आणि मधोमध पाण्यात उतरत जाणाऱ्या रुंद दगडी पायऱ्या. उद्घाटनाला मोठी माणसं आली. भाषणात एकच वाक्य पाच वेळा आलं, 'नागरिकांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून.' महिन्याभरात तिथं फलक लागले आणि श्वास सोडून बाकी सगळ्याला बंदी झाली.

ते फलक ज्यानं रंगवले तो पेंटर आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. आईबापांनी ठेवलेलं नाव त्याला आहे, पण ते टपालवाल्याशिवाय कोणाला माहीत नाही, आणि टपालवालाही आता विसरत चाललाय. वय बासष्ट, अंगानं काडी, नखांत कायम निळा रंग, आणि कोणी विचारलं नाही तरी मत द्यायची सवय. छापील फलक आल्यापासून त्याच्या धंद्याला उतरती कळा लागली, पण ज्याला अक्षरातलं कळतं तो अजून पेंटरकडेच येतो. त्याचा 'ळ' तर असा, की बाळसं धरलेलं पोर मांडी घालून बसलंय असं वाटावं.

कारागीर पहिल्या नंबरचा, पण खोड एक. रिकामी जागा त्याला बघवत नाही. 'पत्र्यावर मोकळी ओळ म्हणजे तोंडातला पडलेला दात,' असं त्याच्या वस्तादानं त्याला शिकवलं होतं. वस्ताद गेला, शिकवण राहिली. एका दातांच्या डॉक्टरनं दवाखान्याची पाटी करायला दिली तेव्हा खाली चार बोटं जागा उरली. पेंटरनं आपल्या मनानं तिथं लिहून टाकलं, 'दुखणार नाही.' डॉक्टर पुढे सहा महिने पेशंटांशी भांडत होता.

दुसरं असं, की तो मोजपट्टीला हात लावत नाही. सुताला निळीची पूड लावायची, सुताची घडी घालायची आणि त्या मापानं पत्र्यावर रेघा उठवायच्या. आधी तीन भाग, मग एकेकाचे चार. डोळे मिटून बारा ओळी. पुढचं सगळं रामायण या बारा ओळींनी केलं.

बागेसाठी सात फलक करायचे होते. उद्यानखात्याच्या साहेबानं टाइप केलेला कागद पेंटरच्या हातात ठेवला. वर 'नागरिकांसाठी सूचना', खाली नियम. हिरवळीवर बसू नये. चेंडू खेळू नये. सायकल आणू नये. कुत्रं आणू नये. पोहू नये. गळ टाकू नये. गाणी लावू नयेत. पाखरांना दाणे टाकू नयेत. बाकावर आडवं होऊ नये. डबा उघडू नये. झाडांना टेकू नये. झाडं तेव्हा गुडघ्याएवढी होती. त्यांना टेकायचं तर माणसाला आधी आडवं व्हावं लागलं असतं, आणि त्याला नवव्या नियमानं बंदी!

मोजून अकरा नियम, मथळ्याची पट्टी वेगळीच. आणि सुताची घडी काही अकरा पडत नाही.

"साहेब, खाली एक ओळ उरतेय. नाजूकशी वेल काढू का?" पेंटरनं विचारलं.

"सरकारी फलक आहे, लग्नाची पत्रिका नाही," साहेब म्हणाला. "नक्षीबिक्षी नको."

'धन्यवाद' लिहावं, तर अकरा वेळा थोबाडीत मारून गाल कुरवाळल्यासारखं दिसलं असतं. पेंटर बागेच्या कोपऱ्यातल्या शेडमध्ये ब्रश धरून बसला, समोर बघत. या बागेत माणसाला करण्यासारखं अजून काय शिल्लक आहे, ते शोधायला लागला. एकच गोष्ट शिल्लक होती. ती त्यानं लिहिली. 'पायरीवर बसून पाण्यात पाय सोडू नयेत.' ओळ या काठापासून त्या काठापर्यंत अशी चपखल बसली, की पेंटरनं स्वतःच स्वतःची पाठ थोपटली आणि उरलेल्या सहा फलकांवरही तेच उतरवलं. साहेब आला, पहिल्या फलकाच्या चार ओळी वाचल्या, नट हलवून बघितले आणि 'छान' म्हणून निघून गेला.

आता वहिनी. पेंटरची बायको. तीस वर्षं एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करतात, उभ्यानं, भिंतीकडे तोंड करून. दुपार झाली की पाय असे सुजतात, की चपलेचा अंगठा आत रुततो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज तासभर पाय गार पाण्यात सोडून बसा. चारला काम सुटायचं. घरी यायला साडेपाच. मधला दीड तास वहिनी 'भाजी आणायला' जायच्या, आणि चार वांगी निवडायला दीड तास लागतो यावर पेंटरचा पूर्ण विश्वास होता. नवऱ्यांची जात! खरं म्हणजे बाग झाल्यापासून त्या रोज तिसऱ्या पायरीवर बसायच्या, घोट्यापर्यंत पाय पाण्यात, पदर मांडीखाली खोचलेला, नजर पलीकडच्या काठावर. मी एकदा तिकडून जाताना पाहिलं.

"भावोजी, तुम्ही काही पाहिलं नाहीत हं," त्या म्हणाल्या.

"मी तर आंधळाच," मी म्हटलं.

"यांना कळलं तर उद्या यांच्यासकट सगळी वस्ती माझ्या शेजारी येऊन बसेल. एवढी एक गोष्ट माझी एकटीची राहू दे."

माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं आमच्या वस्तीनं तेव्हाच काय ते पाहिलं.

तर फलक लागले, आणि तिसऱ्याच दिवशी वहिनी घरी आल्या त्या अनवाणी. मी तेव्हा त्यांच्याकडेच चहाला बसलो होतो. पायांना डांबर लागलेलं, चेहरा लालभडक. पिशवी त्यांनी जमिनीवर आपटली. तिच्यातून एकसुद्धा वांगं बाहेर आलं नाही.

"अगं, चपला कुठायत?" पेंटर म्हणाला.

"जप्त!"

"कोणी केल्या?"

"तो बागेतला शिट्टी!" बागेच्या रखवालदाराला सगळे शिट्टीच म्हणतात, तोंडात शिट्टी नसली तर लोक त्याला ओळखत नाहीत. "पायरीवर दोन मिनिटं टेकले नाही तोच कानाशी फुर्रर! म्हणे, पाण्यात पाय सोडायचे नाहीत, फलक वाचा. वाचला! वर अकरा आहेत ते आहेतच, पण हे बारावं कोणाच्या डोक्यातून निघालं? पाय सोडले तर पाणी झिजतं का? कोण मेला खुर्चीत बसून असले नियम काढतो? त्याला एक दिवस उभं करा माझ्या इस्त्रीच्या टेबलापुढे!"

पेंटरला चहाचा असा ठसका लागला, की मला त्याची पाठ चोळावी लागली.

"बघा, यांनासुद्धा ऐकवेना," वहिनी म्हणाल्या.

जिन्यात त्यानं मला सगळं सांगितलं. मी हसलो, मग मला हसण्याची लाज वाटली, मग राग आला.

"जा आणि कबूल कर वहिनींपाशी," मी म्हटलं.

"वेडा आहेस का? उद्या कचेरीत जातो, साहेबाला सांगून ओळ काढून टाकतो. तिला कळायचंसुद्धा नाही."

गेला. मला सोबत घेऊन गेला, कारण एकट्यानं जायची छाती नव्हती. कचेरी म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि एक पंखा, तोही साहेबाच्या डोक्यावर.

"साहेब, तो बारावा नियम काढून टाकायला हवा," पेंटर म्हणाला.

"का?"

"तुमच्या कागदात तो नव्हताच."

साहेबानं फाईल मागवली. कारकूनबाईंनी बोट फिरवत नियम मोजले. अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच. पेंटरनं माझ्याकडे बघून डोळा मारला. साहेबानं कपाळाला आठ्या घातल्या आणि बाईंना विचारलं, "फाईलमध्ये एक नियम कमी कसा?"

मी आयुष्यात पुष्कळ गाढवं पाहिली, पण फलक चुकीचा की फाईल अपुरी, या प्रश्नावर ज्यानं क्षणभरही विचार केला नाही असा माणूस तेव्हा पहिल्यांदा पाहिला. बाई टाइप करायला बसल्या. साहेबानं कारणाचा रकाना तोंडी सांगितला, "शेवाळ, पाण्याची ओढ, आणि काठाच्या देखाव्यास बाधा." खाली झोकात सही.

"अहो साहेब, तो मी काढला!" पेंटर उभा राहिला. "ओळ रिकामी राहत होती म्हणून!"

साहेबानं चष्मा काढून पुसला. "पेंटर, जरा विचार करून बोला. तसं लेखी दिलंत, तर सरकारी फलकावर स्वतःच्या मनचा मजकूर घातल्याचा ठपका येईल. आणि बागेचा दुसरा टप्पा आहे पुढे, त्याचे चौदा फलक आहेत. बोला, लेखी देताय?"

पेंटर खाली बसला. चौदा फलक म्हणजे त्याचं अख्खं वर्ष. वर बसलेली माणसं आपल्यासारख्याचा कान पकडताना तो केवढा नाजूकपणे पकडतात! मला साहेबाची चीड आली त्याहून जास्त पेंटरची आली, आणि येताना रस्ताभर मी ती त्याला ऐकवली.

तीन आठवडे असेच गेले. वहिनी कामावरून साडेचारलाच घरी यायला लागल्या. पाय उंच करून पडायच्या आणि नियम काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. पेंटर शेजारी बसून ऐकायचा. मी त्याला जिन्यात छळायचो, "आज कितव्या पिढीपर्यंत पोचल्या?" तो म्हणायचा, "माझ्या आजोबांपर्यंत. ते बिचारे शाळेत शिपाई होते, कोणाच्या अध्यात ना मध्यात." मी हसायचो, पण वहिनींच्या पायांकडे बघवत नव्हतं. घोटे गेले होते, नुसते खांब राहिले होते.

शेवटी एका शनिवारी वहिनी म्हणाल्या, "उद्या मी जाणार. सगळ्यांदेखत पाय सोडणार. वाजवू दे किती शिट्ट्या वाजवायच्यात त्या. तुम्ही येणार की घरी बसून डोकं धरणार?"

"येतो," पेंटर म्हणाला. आवाज असा, जसं कोणी सुळावर चढायला बोलावलंय.

रविवारी संध्याकाळी बाग गच्च भरली होती. पण भरली होती म्हणजे काय, माणसं वाटेवरून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात होती, कैद्यांना अंगणात फिरवतात तशी. हिरवळीवर बसायचं नाही, खेळायचं नाही, खायचं नाही, टेकायचं नाही. पोरं आईबापांचे हात धरून मुकाट चालत होती. समोर एवढं पाणी हात पसरून पडलेलं, आणि एक माणूस त्याच्या जवळ जाईना!

वहिनी सरळ पायऱ्या उतरल्या. तिसऱ्या पायरीवर बसल्या, चपला बाजूला काढल्या आणि पाय सोडले. फुर्रर!

"मावशी, उठा," शिट्टी धावत आला. "मागेच सांगितलं ना तुम्हाला? फलकावर लिहिलंय."

"लिहिलंय ते मला दिसतं. माझे पाय तुला दिसतात का?"

शिट्टीनं खाली बघितलं, आणि मग दुसरीकडेच बघायला लागला. "मावशी, मी काय करू? मी नोकर माणूस."

"मग तुझ्या मालकाला बोलाव."

मालक शोधावा लागला नाही. साहेब सहकुटुंब फिरायला आलेला होता, गर्दी बघून पुढे झाला. वाटेवरची निम्मी बाग तोवर पायऱ्यांपाशी जमली होती. महिनाभरात तिथं करमणूक म्हणून घडलेली ही पहिलीच गोष्ट.

"बाई, पाय शेकायचे असतील, भिजवायचे असतील, तर घरी बादली नाही का?" साहेब म्हणाला. चारचौघे हसले.

वहिनी हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. "आहे ना. निळी आहे, प्लास्टिकची. बादलीत पाय सोडून बसलं की समोर भिंत येते, साहेब. तीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे. तुमचे शर्टसुद्धा तिथंच येत असतील, विचारा घरी. भिंतीवर किती पोपडे आहेत ते मला पाठ आहे. आता पाय सुजले तर म्हणता, घरी जाऊन दुसऱ्या भिंतीकडे बघा?"

हसणारे चौघे आता आपल्या चपलांकडे बघत होते.

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाला. "खात्यानं पूर्ण विचार करून केलेला आहे."

"ज्यानं विचार केला त्याला माझ्यासमोर उभा करा. मला फक्त त्याचं तोंड बघायचंय."

"बघ," पेंटर म्हणाला.

तो माझ्या मागेच उभा होता. गर्दीतून वाट काढत दोन पायऱ्या उतरला.

"तुम्ही लिहिलंत ते मला ठाऊक आहे," वहिनी वैतागून म्हणाल्या. "तुमचं अक्षर मी ओळखत नाही का? लिहिणाऱ्याचं नाही विचारत मी. नियम काढला कोणी?"

"मीच. कागदावर अकराच होते. एक ओळ मोकळी राहत होती, तर…"

"मोकळी राहत होती?"

"सुताची घडी अकरा पडत नाही गं."

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं ते नखापासून शेंडीपर्यंत, दुकानात डाग पडलेला कपडा उलटसुलट करून बघतात तसं.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "तीन आठवडे मी त्या मेल्याला शिव्या घालतेय, आणि तो मेला माझ्याच हातचा चहा पीत समोर बसलाय! डांबरावरून मी अनवाणी आले ते तुमच्या एका ओळीपायी? बाग तुम्हाला दिसली, पाणी दिसलं, पत्र्यावरची जागा दिसली. त्या पायरीवर बसणारं माणूस नाही दिसलं?"

"तू बसतेस ते मला माहीत नव्हतं."

"मी नसते तर? दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?"

पेंटरनं काखेतली पिशवी उघडली. मला वाटलं होतं, बायकोची समजूत घालायला काही खाऊ आणलाय. आतून निघाला पांढऱ्या रंगाचा डबा आणि चपटा ब्रश. पायऱ्यांच्या तोंडाशीच एक फलक होता. त्यापुढे तो गुडघ्यावर बसला आणि आपल्या हातानं लिहिलेली ती ओळ, 'प'पासून शेवटच्या ठिपक्यापर्यंत, एका दमात बुजवून टाकली.

"सरकारी फलकाला हात लावताय तुम्ही!" साहेब ओरडला.

"लावतोय. पहिल्यांदा लावला तेव्हा तुम्ही 'छान' म्हणालात." पेंटरनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे घ्या लेखी. नियम माझा, चूक माझी. चौदा फलक द्या दुसऱ्या कोणाला."

साहेबानं कागद उघडला. अक्षर इतकं देखणं होतं, की मागची माणसं खांद्यावरून वाकून वाचायला लागली. वाचता वाचता साहेबाचा रंग उतरत गेला. त्याला आपला रकाना आठवला असणार, शेवाळ, ओढ आणि देखावा. हा कागद फाईलमध्ये गेला, तर खालची झोकदार सही कशाची, हे वरचे विचारणार. त्यानं कागदाची घडी होती तशी घातली आणि पेंटरच्या हातात परत दिली.

"याची गरज नाही," तो म्हणाला. "नियम फाईलमध्ये आहे. तो लागू आहे." आणि शिट्टीकडे वळला. "काय बघतोस? उठव त्यांना!"

शिट्टीनं फलकाकडे बघितलं. पांढरा रंग अजून ओला होता. "साहेब, मला फाईल कोणी दाखवत नाही," तो म्हणाला. "मी फलक वाचतो. फलकावर नाहीये." त्यानं शिट्टी खिशात टाकली. बिनशिट्टीचा तो बराच तरुण दिसला.

मग एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उतरले आणि वहिनींपासून दोन हातांवर बसले. एक बाई आपल्या लेकराला घेऊन आल्या. बूट सोडायला वेळ लागणारे मागे राहिले. पेंटर डबा घेऊन दुसऱ्या फलकाकडे जायला निघाला. जाताना बायकोपाशी जरा रेंगाळला.

"मी पण बसू का जरा?"

"आधी सहा फलक पुसून या. मग बघू. आणि माझ्या शेजारी नाही, त्या पलीकडच्या टोकाला."

पेंटर निमूट गेला. साहेब बायकोला घेऊन काढता पाय घेत होता, तोच वहिनींनी पाण्यातूनच मान वळवून हाक मारली.

"साहेब, थांबा जरा! हा एक माझ्या घरातून निघाला, तो मी निस्तरते. वरचे अकरा कोणाच्या घरातून निघाले? आत्ता सांगता, की उद्या कचेरीत येऊ?"

"उद्या कचेरीला सुट्टी आहे," साहेब मागे न बघता म्हणाला.

"मग परवा," वहिनी म्हणाल्या, आणि उठून आणखी एक पायरी खाली उतरून बसल्या.